खेजडी मे महिन्यात हिरवी कशी, आणि तुमची रोपं का मेली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते मूळचे पुण्याचे, सध्या जैसलमेर जिल्ह्यात एका सौर प्रकल्पावर कामाला आहेत. प्रकल्पाच्या कडेनं त्यांनी खेजडी (आपली शमी), कडुनिंब आणि गुलमोहर मिळून ३०० रोपं लावली. वर्षभर रोज टँकरनं पाणी घातलं. मे महिन्यात टँकर पंधरा दिवस आला नाही आणि जवळजवळ सगळी रोपं गेली. कुंपणापलीकडच्या जुन्या खेजडीला मात्र कधी कुणी थेंब घातला नव्हता, आणि ती त्याच पंधरा दिवसांत हिरवीगार होती. वाळवंटातल्या झाडाझुडपांच्या वाढीवर पाण्याचा परिणाम होतो तरी कसा, असं त्यांनी विचारलंय.

टँकर बंद पडला म्हणून रोपं मेली, असं तुम्हाला वाटतंय. मी म्हणेन, वर्षभर रोज टँकर आला म्हणून मेली. ऐकायला उद्धट वाटेल, पण हीच चूक मी तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून बसलोय. ती पुढं सांगतोच.

माझं गाव माणदेशातलं. आमच्याकडे वर्षाला ४५०-५०० मिलिमीटर पाऊस झाला तर वर्ष बरं गेलं म्हणतात. त्यामुळे जोधपूरकडे वनीकरणाच्या कामाला गेलो तेव्हा 'दुष्काळ मला कोण शिकवणार' अशी गुर्मी होती. ती दोन वर्षांत उतरली. जोधपूरचा सरासरी पाऊस ३५० मिलिमीटरच्या आसपास, जैसलमेरचा २०० च्या आतबाहेर, आणि तोही बोटांवर मोजता येतील एवढ्या दिवसांत. उलट ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून वर्षाला दीड ते दोन हजार मिलिमीटर पाणी उडवू शकतात. म्हणजे आभाळ जेवढं देतं त्याच्या आठ-दहा पट परत मागतं. नुसता हा आकडा पाहिला तर तिथं झुडूपसुद्धा उगवायला नको. तरी उगवतं, कारण झाड सरासरी पावसावर जगत नाही. पडलेलं पाणी किती खोल गेलं आणि तिथं किती दिवस टिकलं, यावर ते जगतं.

मारवाडात पाण्याचे तीन प्रकार मानतात. आभाळातून पडलेलं आणि तळ्यात, टाक्यात साठवलेलं ते पालर पाणी. खोल विहिरीचं, बहुतेक ठिकाणी मचूळ, ते पाताळ पाणी. या दोहोंच्या मध्ये, वाळूत मुरलेलं पण खालच्या खाऱ्या पाण्यात अजून न मिसळलेलं, ते रेजाणी पाणी. जिथं खाली जिप्समचा पट्टा आहे तिथं ते अडून राहतं. जैसलमेर, बिकानेरकडच्या कुंया, म्हणजे अरुंद छोट्या विहिरी, हेच पाणी थेंबथेंब गोळा करतात. पाण्याचं हे वर्गीकरण माणसांच्या पिण्यासाठी झालेलं आहे, पण मला झाडांसाठी ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडलं. गवत पालर पाण्यावर जगतं, म्हणजे वरच्या वीतभर ओलीवर. काही थोडी झाडं पाताळ पाण्यापर्यंत पोचतात. पण बहुतेक झाडंझुडपं रेजाणी ओलीची गिऱ्हाईकं आहेत.

ही ओल टिकते वाळूमुळे, आणि आपल्या देशावरच्या माणसाला हेच पटत नाही. आपल्याकडे काळी जमीन म्हणजे श्रीमंती. पाणी धरून ठेवते, ज्वारी नुसत्या ओलीवर येते. वाळू म्हणजे चाळणी. पण पाऊस साधारण ३०० ते ५०० मिलिमीटरच्या खाली गेला की हा हिशोब उलटतो. इस्रायली परिसंस्थातज्ज्ञ इमान्युएल नॉय-मेअर यांनी १९७३ साली हे नीट मांडलं. कोरड्या प्रदेशात पाण्याचा मोठा तोटा खाली झिरपून होत नाही, वरून उडून होतो. चिकण मातीत १० मिलिमीटर पाऊस तीन बोटं खोल जातो आणि तिथंच बसतो. चार दिवसांच्या उन्हात तो संपला. तोच पाऊस वाळूत अर्धी वीत जातो, आणि ५० मिलिमीटर एका झोडीत पडला तर सव्वा हात. वरची वाळू लगेच सुकते, पण सुकलेल्या वाळूच्या मोठ्या कणांतून खालचं पाणी केशाकर्षणानं वर चढू शकत नाही. दोर तुटतो म्हणा ना. वरची कोरडी वाळू खालच्या ओलीवरची गोधडी होते. आपण शेतात आच्छादन घालतो तेच काम, फुकटात.

विश्वास बसत नसेल तर एखाद्या उघड्या धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, मे महिन्यात कोपरभर हात घालून पाहा. वर पाय भाजतात आणि खाली बोटांना गारवा लागतो. गंमत अशी की सरकणाऱ्या, बोडक्या धोऱ्यात ही ओल झाडी असलेल्या धोऱ्यापेक्षा जास्त असते, कारण ती पिणारं कुणी नसतं. पहिल्यांदा हे मला सांगितलं गेलं तेव्हा मी हसलो होतो.

आता पाऊस पडण्याच्या तऱ्हेबद्दल. २०० मिलिमीटर पाऊस १० मिलिमीटरच्या वीस सरींनी आला तर गवताची चांदी, शेवण हे तिथलं गवत तरारतं, जनावरं पोसतात, पण झाडाला जवळजवळ काही मिळत नाही. तोच पाऊस ५० मिलिमीटरच्या चार झोडींनी आला तर गवताला मधल्या खंडात ताण बसतो आणि झाडाचं मात्र दोन वर्षांचं भागतं. म्हणून हवामान खात्याचा वार्षिक आकडा बघून 'यंदा झाडं वाढणार' असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारतो, सगळ्यात मोठा पाऊस केवढा झाला? हिवाळ्यात पडणारी मावठही अशीच. पडते थोडी, पण ऊन मवाळ असल्यामुळे त्यातलं बरंच आत जातं.

एक साधा गुणाकार करा. खेजडीच्या पसाऱ्याचा व्यास आठ मीटर धरला तर तिच्या सावलीखालची जमीन झाली ५० चौरस मीटर. त्यावर वर्षाला २०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. यातलं बहुतेक उडून जाणार, उरलेल्यात मोठं झाड भागणार नाही. पण मुळं खोडापासून चहूबाजूंना १५ मीटर पसरली असतील तर तिचं पाणलोट ७०० चौरस मीटरचं झालं, पाऊस १ लाख ४० हजार लिटर. त्यातला पाचवा हिस्सा जरी खोल मुरला तरी २८ हजार लिटर. वाळवंटात झाडं एकमेकांपासून फटकून का उभी असतात, ते यात आलं. दोन झाडांमधली मोकळी दिसणारी जागा खाली वाटून घेतलेली असते. आपल्याकडचे उत्साही लोक तीच 'रिकामी' जागा पाहून तिथं आणखी चार खड्डे खणतात.

आता तुमच्या कुंपणापलीकडच्या खेजडीकडे वळू. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याच्या कथेत पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली ती. आमच्याकडे बांधावर असते, सौंदड म्हणतो आम्ही तिला. थारमध्ये ती जुनी पानं झाडते आणि मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वरची जमीन सर्वांत कोरडी असताना, नवी पालवी काढते. त्याच सुमारास फुलते, मग सांगरी, म्हणजे शेंगा, धरते. पावसाची वाट बघून पालवणारं झाड असं करणार नाही. याचा अर्थ तिला खालच्या ओलीची खात्री आहे, वर काय चाललंय याचं तिला सोयरसुतक नाही. जाळ, म्हणजे आपल्याकडे ज्याला पिलू म्हणतात ते झाडही तसंच. बारा महिने हिरवं, आणि त्याची गोड फळं पिकतात ऐन मे-जूनमध्ये.

याच्या अगदी उलट स्वभाव गुग्गुळाचा आणि कुमटाचा, म्हणजे डिंक देणाऱ्या एका बाभळीचा. गुग्गुळ वर्षातले बहुतेक महिने नुसत्या काटक्या घेऊन उभा असतो. मेला असं समजून एकदा आमच्या मजुरांनी चार झुडपं उपटली होती. पाऊस पडला की काही दिवसांत पानं येतात, घाईघाईनं अन्न तयार करून साठवतो, आणि ओल संपली की परत बोडका. खोल मुळांचा खर्च तो करतच नाही. केर आणि फोग या झुडपांनी तिसरी वाट धरली. केर म्हणजे आपली नेपती. पानं जवळजवळ टाकूनच दिली, हिरव्या फांद्यांकडूनच पानांचं काम करून घेतात. पान नाही म्हणजे पाणी उडायला पृष्ठभाग नाही. वाढ मंद होते, पण केर मेलेला मी फार क्वचित पाहिलाय.

झाड पाणी 'ओढतं' म्हणजे काय होतं तेही इथं सांगायला हवं. जमीन सुकत जाते तसे मातीचे कण उरलेलं पाणी अधिकाधिक घट्ट धरून बसतात. आपली नेहमीची पिकं साधारण १५ वातावरण दाबाइतकी ओढ लागेपर्यंत तग धरतात, मग माना टाकतात. वाळवंटी झुडपं याच्या तिप्पट-चौपट, काही तर त्याहून अधिक ओढ सहन करतात. पण ओढ वाढली की खोडातल्या जलवाहिनीतला पाण्याचा धागा तुटतो आणि मध्ये हवेचा बुडबुडा येतो. असे धागे पुरेसे तुटले की वरची फांदी वाळते. कोरड्या वर्षी झाडाचा शेंडा आणि टोकाच्या फांद्या आधी मरतात त्या यामुळे. पानावरची रंध्रं उन्हाळ्यात सकाळीच काही तास उघडी राहून मिटतात. मिटली की पाणी वाचतं, पण हवेतला कर्बवायू आत येणंही थांबतं. वाढ मंद असते ती इथं. झाड अशक्त असतं असं नाही, त्याचं दुकानच दिवसातून दोन-तीन तास उघडं असतं.

मुळं किती खोल जातात, हे लोक हटकून विचारतात. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात कूपनलिका खणताना एका झाडाची मुळं ६८ मीटरवर सापडल्याची नोंद आहे. खेजडीच्या अमेरिकी भावंडाची मुळं अॅरिझोनातल्या खाणीत ५० मीटरच्या पलीकडे मिळाली होती. सहारात, नायजरमधल्या तेनेरे भागात एक एकटी बाभूळ होती. आजूबाजूला शेकडो किलोमीटर दुसरं झाड नाही. १९३८-३९ च्या हिवाळ्यात तिच्याजवळ विहीर खणली तेव्हा ३० मीटरहून खोल तिची मुळं पाण्याला लागलेली दिसली. १९७३ साली एका ट्रकनं ती पाडली. एवढ्या मोकळ्या वाळवंटात एकच झाड आणि त्यालाच ट्रक धडकला! बहारीनमध्ये वाळवंटात एकटं उभं असलेलं प्रसिद्ध जुनं झाड तर साक्षात खेजडीचंच आहे. पण या कथा ऐकून प्रत्येक झाडाला पाताळ पाणी सापडतं असं समजू नका. तेनेरेची बाभूळ उगवली तेव्हा तिथं हवामान ओलं होतं, पाण्याची पातळी खाली गेली तशी ती मुळानं पाठलाग करत गेली. आज तिथं बी टाकलं तर मूळ मीटरभर जाण्याआधीच रोप वाळेल. मोठं झाड जिथं उभं आहे तिथं नवं रोप जगेलच असं नाही, हे त्यातून घ्यायचं.

आता माझी चूक. नव्या नोकरीच्या जोशात जैसलमेरकडे एका रस्त्याच्या कडेला आम्ही काही हजार रोपं लावली. तिसऱ्या दिवशी टँकर, न चुकता, दोन वर्षं. रोपं पुरुषभर झाली. पाहुणे आले की गाडी मुद्दाम त्या रस्त्यानं न्यायचो. तिसऱ्या वर्षी पाण्याचा निधी संपला. जूनपर्यंत दहातली एकही धड राहिली नाही. एक म्हातारा शेतकरी तिथून चालला होता. त्यानं काही न बोलता एक वाळलेलं रोप एका हातानं उपटलं आणि माझ्या हातात दिलं. मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली, बायका डोक्यावर हंड्याखाली ठेवतात त्या चुंबळीसारखी. त्याखाली वीतभर बाहेर आलेली चार पांढरी मुळं, तीही आडवी. दोन वर्षं पाणी वरच मिळत होतं, खाली जायचं कारणच काय? शेजारी त्याच्या शेतात आपोआप उगवलेलं खेजडीचं पोर होतं, जेमतेम गुडघ्याएवढं, बकरीनं कुरतडलेलं. ते आम्ही खणून पाहिलं. मीटरभर खणलं तरी मूळ खाली जातच होतं. शेवटी लाज वाटून खड्डा बुजवला. त्यानंतर पहिल्या तीन-चार वर्षांत खेजडी वर वाढत नाही म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

तुमच्या ३०० रोपांचं हेच झालंय. रोज दोन-तीन लिटर म्हणजे वरची वीत-दीड वीत ओली. मूळ तिथंच राहिलं, आणि तेवढी वरची ओल मे महिन्यात चार दिवसांत सुकते. गुलमोहराबद्दल वेगळं सांगत नाही. तो मादागास्करचा पाहुणा आहे, त्याला तिथं नेणं हाच गुन्हा. कडुनिंब अंगणात, सांडपाण्यावर किंवा तळ्याच्या काठी छान येतो, पण उघड्या माळावर २०० मिलिमीटरमध्ये त्याला आयुष्यभर हात द्यावा लागेल.

कुठली जागा कुणाची, हे थारमध्ये जमीन पाहूनच कळतं आणि त्यामागेही पाणीच आहे. सपाट गाळाच्या वाळूमिश्रित जमिनीवर खेजडी आणि रोहिडा. धोऱ्यांवर फोग आणि खींप. जड, थोड्या खाऱ्या, खोलगट जमिनीत केर, बोरटी आणि जाळ. खडकाळ टेकडीवर कुमट आणि थोर. खडकाचं नाव काढलं की लोकांना तिथं पाणी नाहीच असं वाटतं. खडकाला भेगा असतात, टेकडीवरचा सगळा पाऊस वाहून त्या भेगांत उतरतो, आणि भेगेतलं पाणी उडत नाही. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. २००६ पासून वृक्ष-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली तिथली वेडी बाभूळ काढून मूळची झाडं लावली गेली. वेडी बाभूळ कापली की परत फुटते, आणि मूळ खडकाच्या भेगेत. शेवटी वालुकाश्म फोडणारे पिढीजात खाणकामगार, खंडवालिये, कामाला लावले. ते हातोडी आपटून आवाजावरून खडकात भेग कुठं आहे ते ओळखतात. त्यांनी मुळापर्यंत खडक फोडून बाभूळ काढली आणि त्याच खड्ड्यांत नवी झाडं लावली. ज्या भेगेनं बाभळीला पोसलं ती दुसऱ्यालाही पोसणार, एवढा सरळ हिशोब.

ही वेडी बाभूळ आपल्या मराठवाड्यात, सोलापुराकडेही आहेच. जोधपूर संस्थानानं १९४० साली तिला 'शाही झाड' ठरवलं होतं, आणि आता ती काढण्यासाठी पैसे मोजतात. ती इतकी पसरली कारण वरची ओल आणि खालची ओल दोन्हीवर तिचा हात पोचतो, आणि पाऊस असो नसो, संधी मिळाली की ती वाढते. इस्रायली बाभळीचंही थोडं तसंच. ती १९५८ मध्ये आणली गेली. धोरे थांबवायला तिचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. काझरीनं, म्हणजे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं, धोऱ्यांवर काड्याकुड्यांच्या आडव्या ओळी रोवून मध्ये झाडं लावायची जी पद्धत बसवली तिच्यामुळे कित्येक गावं वाळूखाली जायची वाचली. पण दाट लावलेल्या त्या बाभळी सात-आठ वर्षं झपाट्यानं वाढतात आणि मग अडतात. धोऱ्यात साठलेली जुनी ओल संपवून झालेली असते, आणि दरवर्षीचा पाऊस एवढ्या झाडांना पुरत नाही. मुद्दल खाऊन व्याजावर आलेल्या घरासारखं. चीनमध्ये वाऱ्यानं आणलेल्या मातीच्या लोएस पठारावर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या खुरटलेल्या लागवडीला लोक 'छोटी म्हातारी झाडं' म्हणतात. वय तीस-चाळीस वर्षं, उंची पोरासारखी.

पाणी वाढवलं की झाडं वाढतील, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यात बसतो. काम १९५८ मध्ये सुरू झालं, पंजाबातल्या हरिके धरणापासून पोषक कालव्यासकट ६४९ किलोमीटर पाणी आणलं. कालव्याकाठी शिसम, निलगिरीच्या रांगा उभ्या राहिल्या. पहिली काही वर्षं डोळ्यांचं पारणं फिटावं अशी हिरवळ होती. पण जमिनीखाली काही मीटरवर जिप्समचा आणि चिकणमातीचा थर. पिण्याच्या रेजाणी पाण्यासाठी जो थर वरदान होता तोच आता शाप झाला. झिरपलेलं पाणी खाली जाईना, हनुमानगड जिल्ह्यात बडोपलसारख्या भागांत ते वर येत जमिनीला भिडलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. खोल मुळांचीच झाडं तिथं आधी गेली, खेजडीसुद्धा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ज्या मुळानं आयुष्यभर खोल जायचा पराक्रम केला ते खालीच बुडून कुजलं. नंतर तिथं पाणी शोषून पातळी उतरवायला मुद्दाम निलगिरी लावली गेली. जी निलगिरी 'पाणी पिते' म्हणून आपण शिव्या घालतो, तिला तिथं पाणी पिण्यासाठीच नेमलं.

राजस्थानात फिरताना दुसरी एक गोष्ट तुम्हाला दिसेल. नागौर, झुंझुनू, सीकर, जोधपूरच्या शेतांत उभ्या खेजड्या वाळताहेत. जोधपूरच्या संशोधकांना मुळं पोखरणारा एक भुंगा आणि गॅनोडर्मा ही बुरशी सापडली, आणि ते बरोबरच आहे. माझं मत असं की भुंगा शेवटी येतो. आधी कूपनलिकांनी पाताळ पाणी खाली गेलं. मग ट्रॅक्टरच्या नांगरानं वरची आडवी मुळं कापली. त्यावर दरवर्षी लूंगसाठी, म्हणजे पाल्यासाठी, पूर्ण छाटणी. पूर्वी उंटाच्या नांगरानं ही मुळं शाबूत राहायची आणि शेतात उगवलेली खेजडीची पोरंही वाचायची. खेजडीखालची बाजरी उघड्या शेतापेक्षा चांगली येते हे तिथला प्रत्येक शेतकरी जाणतो, तरी मोठ्या नांगराला खेजडी आड येते.

तर आता तुम्ही काय करायचं. पुढच्या जुलैपर्यंत थांबा. एका झोडीत ४०-५० मिलिमीटर पाऊस झाला आणि वाळू दोन फूट ओली झाली की त्याच आठवड्यात लावा, आधी नाही. रोप उंच नको. लांब पिशवीतलं, वीतभर उंचीचं घ्या आणि पिशवीच्या तळाशी गुंडाळलेलं मूळ धारदार पात्यानं सरळ कापून टाका. हात थरथरतो, पण कापा. खेजडीचं बी जागेवर टोकता आलं तर त्याहून उत्तम, कारण त्याचं मूळ कधी पिशवीत वळलेलंच नसतं. ३०० नको, ६० लावा. प्रत्येकाभोवती दीड मीटर त्रिज्येची बशी करा, उतार रोपाकडे, म्हणजे १० मिलिमीटरच्या सरीतूनही ७० लिटर पाणी रोपाच्या बाजूला सरकेल. जैसलमेरचे पालीवाल ब्राह्मण खडीनमध्ये, म्हणजे बांध घालून केलेल्या खोलगट शेतात, पंधरा वाटे माळाचं पाणी एक वाटा शेतात उतरवत, त्याचंच हे धाकटं रूप. रोपाशेजारी दोन फुटांचा प्लॅस्टिकचा पाइप उभा गाडा आणि पाणी त्यातच ओता, वरून नको. पहिल्या वर्षी २० ते ३० लिटर, पंधरा-वीस दिवसांनी एकदा. थंडीत बंद. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. दुसऱ्या वर्षी सगळे मिळून तीन-चार वेळा, तिसऱ्या वर्षी काही नाही. वाळवी आणि बकऱ्या यांचा बंदोबस्त मात्र रोजचा. बोरटीच्या काट्यांचं कुंपण तारेपेक्षा बरं, तिथं मिळतंही.

आणि पाणी द्यायचं की नाही हे कॅलेंडर बघून ठरवू नका. एक इंची लोखंडी पाइपचा मीटरभर तुकडा जवळ ठेवा. रोपापासून दोन हातांवर तो ठोकून आत घाला आणि ओढून काढा. कोरडी वाळू पाइपातून गळून जाते, ओली अडकून राहते. ती काढून मुठीत आवळा. गोळा वळला तर टँकरवाल्याला त्या दिवशी परत पाठवा.